पेटी, हलगी आणि मोजपट्टी

आपल्या एखाद्या गायकाचे कौतुक करायचे झाले की आपण दुसऱ्याच कुणाचे तरी नाव घेतो. जयंतीच्या फलकावर 'प्रति-रफी' असे छापतो. वस्तीतल्या गाणाऱ्या पोरीला 'आमची लता' म्हणतो. अण्णा भाऊ साठे यांना 'महाराष्ट्राचे गॉर्की' म्हणताना आपली छाती फुगते. गॉर्कीला रशियात कुणी 'रशियाचे अण्णा भाऊ' म्हटल्याचे ऐकिवात नाही. पदवी देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु या पदवीचा एक अर्थ असाही निघतो, की अस्सल वस्तू दुसरीकडे आहे आणि आपल्याकडे तिची नक्कल आहे. ज्याला पदवी मिळते तो हा अर्थ बरोबर ओळखतो. टाळ्या थांबतात, मंडप सुटतो, आणि तो त्या दुसऱ्या नावाशी स्वतःला ताडून पाहत बसतो.

गाणाऱ्याने दुसऱ्याशी तुलना करू नये, हा उपदेश नवा नाही. गुरू शिष्याला तो करतात, आई मुलाला करते, आणि आता मोबाईलवरही तो रोज ऐकू येतो. उपदेश करणारे बहुधा तुलनेला मनाचे दुखणे समजतात: मन खंबीर करा, आपल्या वाटेने चाला, म्हणजे दुखणे बरे होईल. मला हे निदान अपुरे वाटते. मी इतिहासाचा शिक्षक आहे. महाराष्ट्रातल्या संगीताचा मागच्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर दिसते ते असे, की तुलनेची मोजपट्टी गायकाच्या मनात उगवलेली नाही. ती विशिष्ट काळात, विशिष्ट लोकांनी, विशिष्ट गरजेतून घडवली. आणि ती घडवली जात असताना आपल्या वस्त्यांतले गाणारे-वाजवणारे त्या बैठकीला नव्हते. तेव्हा 'तुलना सोड' असे पोराला सांगण्याआधी ही पट्टी कुठून आली हे त्याला दाखवले पाहिजे.

पेटीपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात हाताने भाता ओढायची पेटी तयार होऊ लागली आणि पाहता पाहता ती देशभर गेली. संगीत नाटकाने ती घेतली, कीर्तनकाराने घेतली, भजनी मंडळाने घेतली आणि मुंबईतल्या चाळीतल्या गायन पार्टीनेही घेतली. बसून वाजवता येते, उचलून नेता येते, सूर लावत बसावे लागत नाही. गिरणीतून सुटून रात्री आठला गाण्याला बसणाऱ्या माणसाला याहून सोयीचे वाद्य नव्हते. मार्च १९४० मध्ये आकाशवाणीने या पेटीवर बंदी घातली. तिचे सूर ठरलेले, तिला मींड काढता येत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, ती परदेशी आहे, अशी कारणे होती. आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फाउल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिले होते. रवींद्रनाथ ठाकूरांनाही ती नकोशी होती. बंदी उठली १९७१ साली, तीही काही अटींवर.

आता या एकतीस वर्षांत आपल्याकडे काय घडले ते पाहा. १९४३ साली वामनदादा कर्डकांनी पहिले गीत रचले. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली, दिली. ६ डिसेंबरला ते गेले. आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगाव बुद्ध-भीमगीतांची जी लाट उसळली ती पेटी आणि ढोलकी यांवर उसळली. लक्षावधी माणसांनी आपला धर्म, आपली नावे, आपले लग्नविधी बदलले आणि त्या बदलाचे गाणे ज्या वाद्यावर गायले ते वाद्य त्याच काळात देशाच्या नभोवाणीला अयोग्य वाटत होते. पेटीचे सूर १९३९ साली होते तेच १९७२ साली होते. मधल्या काळात मोजणाराचे मत बदलले, मग पुन्हा बदलले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की या बंदीने गोविंदराव टेंब्यांसारख्या थोर पेटीवादकाच्या परंपरेलाही घाव बसला. पण त्यांना नाट्यगृहे होती, जलसे-मैफली होत्या, संस्थानिक होते. चाळीतल्या पेटीवाल्याला जो शिक्का बसला तो पुसणारे दुसरे ठिकाण त्याला नव्हते.

पट्टी मात्र आकाशवाणीने घडवली नाही. तिने ती फक्त सरकारी केली. घडवण्याचे काम आधीच झाले होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून चिजा गोळा केल्या, राग दहा थाटांत बसवले, क्रमिक पुस्तके काढली, १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. दोघांचेही कष्ट अफाट होते. गाणे शिकण्यासाठी उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरण्याची गरज त्यांनी कमी केली, आणि परीक्षेचे शुल्क भरणाऱ्या कुणालाही, अगदी आपल्या मुलालाही, विशारदच्या परीक्षेला बसण्याची वाट कागदावर तरी मोकळी झाली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच खटपटीत 'संगीत' या शब्दाचा घेर आखला गेला. मध्यमवर्गीय घरात शोभेल ते संगीत आत. उस्तादांची विद्या आत, पण निरक्षर उस्ताद जरा बाहेरच. कलावंतिणींच्या गळ्यातल्या चिजा आत, कलावंतिणी बाहेर. तमाशा, गोंधळ, वाघ्या-मुरळी, हलगी, संबळ यांची तर या घेराशी गाठच पडली नाही. त्यांना पुढे एक वेगळे खाते मिळाले: 'लोकसंगीत'. शब्द गोड आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की इथे गाणाऱ्याचे नाव विचारायचे नाही.

मग नभोवाणी आली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, सरदार पटेल माहिती खात्याचे मंत्री असताना, ज्या गायिकांच्या खासगी आयुष्याविषयी समाजात कुजबुज होती त्यांना आकाशवाणीचे दार बंद झाले. म्हणजे कलावंत घराण्यांतल्या बायकांना. १९५२ साली बाळकृष्ण केसकर मंत्री झाले. हे पुण्याचे, संगीताचे जाणकार. त्यांच्या काळात कलावंतांची आवाज-चाचणी सुरू झाली, श्रेणी ठरल्या: बी, बी-हाय, ए, टॉप. श्रेणीप्रमाणे मानधन. त्याच केसकरांना सिनेमाचे गाणेही खपेना. ते आकाशवाणीवरून हटू लागले तसा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला आणि १९५२ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'त गाण्यांची पायदाने मोजू लागला. म्हणजे एकाच दशकात महाराष्ट्रातल्या माणसाच्या कानावर दोन शिड्या आल्या. एक सरकारी, शुद्धतेची. दुसरी बाजारी, खपाची. हॉटेलातल्या रेडिओजवळ चहा पीत उभा राहणारा आमचा गायक दोन्ही शिड्या ऐकत होता आणि दोन्हींवर त्याचे नाव नव्हते. आजच्या यूट्यूबवरचा आकडा ही त्या दुसऱ्या शिडीचीच नवी पायरी आहे. फरक एवढाच, की आता आकडा चोवीस तास खिशात असतो.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. नुसत्या विषमतेत वरचे आणि खालचे असे दोनच गट असतात आणि खालचे एक होऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतो. त्यामुळे वरच्याचा राग येण्याऐवजी खालच्यावर आपण किती वर आहोत याचेच समाधान माणसाला पुरते. संगीतातली तुलना मला या व्यवस्थेची सख्खी बहीण वाटते. ख्यालगायक ठुमरीकडे खाली पाहतो, ठुमरीवाला नाट्यगीताकडे, नाट्यगीतवाला भावगीताकडे, भावगीतवाला सिनेमाकडे, आणि सगळे मिळून तमाशाकडे. वरच्या पायरीवर तरी सुख आहे का? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी गोमंतकातल्या कलावंत घराण्यांतल्या, दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. दोघींना पद्मभूषण मिळाले, केसरबाईंना १९६९ साली, मोगूबाईंना १९७४ साली. दोघींचे गाणे वेगळे, दोघींचा भोग मात्र एक: समाजाने ज्या घरांना पायरीखाली ठेवले तिथून येऊन त्यांनी देशातले सर्वांत कठीण गाणे कमावले. रसिक मात्र कोण श्रेष्ठ याचाच काथ्याकूट करीत राहिले. या दोन बायकांना इथवर येताना काय मोजावे लागले, हे विचारणारे थोडे.

आणि खालची पायरी? तिथे आपण आहोत, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. माझे एक चुलते गायन पार्टीत पेटी वाजवायचे. दिवसा हमाली, रात्री पेटी. आमच्या गावात पार्टीला मान होता; गाणारे सदरा-पायजमा घालून, निळा रुमाल गळ्यात अडकवून बसत. शेजारच्या मांगवाड्यात हलगी-घुमके-कैताळ वाजवणारे होते. त्यांतला एक म्हातारा असा वाजवी, की लग्नाच्या वरातीत घोडे बिचकू नये म्हणून त्याला मागे चालायला सांगत. पण जयंतीच्या मंचावर पार्टीशेजारी हलगी कधी बसली नाही. कारण विचारले की उत्तर यायचे: हलगी वाद्य आहे, पण गायनात बसत नाही. ही भाषा कुठली? आकाशवाणीने पेटीला जे सांगितले तेच पेटीने हलगीला सांगितले होते. पेटीवर झालेला अन्याय आमच्या लोकांना कळत होता, तोच अन्याय आपण पुढे सरकवतो हे कळत नव्हते.

हलगी न घेण्यामागे दुसरेही एक कारण होते आणि ते खरे होते. गावकीत वाजवणे हे हक्काचे नव्हते, कामाचे होते. पाटलाच्या दारी, देवीच्या पालखीपुढे, मेलेल्याच्या तिरडीपुढे वाजवायचे आणि वाढले ते पदरात घ्यायचे. १९२७ च्या महाडनंतर गावकीची कामे सोडण्याची जी हाक गेली तिच्यात वाद्याविषयीचा हा ताण मिसळलेला होता. ज्या वाद्याने पिढ्यान् पिढ्या लाचारी पाहिली ते वाद्य फेकून द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण लाचारी गावकीची होती. ती वाद्याच्या कातड्यात नव्हती. आगीवर शेकून ताठ केलेली हलगी, एका हातात जाड टिपरी, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि त्यातून निघणारे बोल ही कमावलेली विद्या आहे. गावकी मोडायची आणि विद्या ठेवायची, हे अवघड काम आपण अर्धेच केले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचा चमू घेऊन मी युवक महोत्सवाला गेलो होतो. तिथे शास्त्रीय गायन, सुगम गायन, समूहगान, लोकवाद्यवृंद असे कलाप्रकार वेगवेगळे असतात. माझा एक विद्यार्थी सुगम गायनात भीमगीत गायला. लग्नसराईत बँजो पार्टीत गाऊन तो स्वतःची फी भरतो. आवाज खणखणीत, ताल पक्का. परीक्षकांनी त्याला बाजूला घेऊन प्रेमाने समजावले, की गळा चांगला आहे पण असली गाणी समूहगानात शोभतात, इथे काहीतरी 'शुद्ध' घ्यायला हवे होते. परतीच्या एस.टी.त तो गप्प होता. नगर सोडल्यावर म्हणाला, "सर, मी आता गाणं बंद करणार. माझ्याच वयाची पोरं टीव्हीवर कुठल्या कुठं गेलीत. आपलं हे असंच राहणार."

मी त्याला विचारले, "तू कुणाकुणाशी स्वतःला ताडून बघतोस, नावं सांग बरं." त्याने सात-आठ नावे सांगितली. सिनेमातली, टीव्हीच्या स्पर्धांतली, मोबाईलवरची. वामनदादांचे नाव त्यात नव्हते. विठ्ठल उमपांचे नव्हते. प्रल्हाद शिंदे यांचे तो गातो, पण मोजायच्या माणसांत त्यांना धरीत नाही. "तुझ्या घरात कुणी गायचं-वाजवायचं का?" यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "आज्या हलगी वाजवायचा. पण तो काय कलाकार नव्हता, सर."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले आहे. ज्याच्या घरात तीन पिढ्यांचा ताल आहे तो पोरगा स्वतःला पहिला समजतो, आणि पहिला समजतो म्हणून मागे पडलेला समजतो. घराण्यातल्या गायकाला आपल्या गुरूचा गुरू माहीत असतो. आमच्याजवळ तशी ओळ सांगणारे कुणी नसल्यामुळे आम्ही थेट पडद्यावरच्या माणसासमोर जाऊन उभे राहतो.

इथे एक आक्षेप येईल. आपल्या परंपरेत तरी स्पर्धा कुठे नव्हती? कलगी-तुऱ्याचे झगडे रात्र-रात्र चालत. तमाशात सवाल-जवाब होते. भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या मुकाबल्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसत आणि एकमेकांची खेचाखेची करीत. खरे आहे. पण या सामन्याचा व्यवहार नीट पाहावा. कलगीवाल्याने कोडे घातले की तुरेवाल्याला ते आधी कान देऊन ऐकावे लागे. ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही. हार-जीत चारचौघांत, उजेडात होई आणि सकाळी दोन्ही फड एकाच चुलीवरचा चहा घेत. समोरचा फड तगडा असला तर आपले गाणे त्या रात्री वाढे. खोलीत एकट्याने मोबाईलवर दुसऱ्याचा आकडा बघत बसणे हा व्यवहार याच्याशी जुळत नाही. तिथे समोरचा आपल्याला ऐकत नाही, आपणही त्याला ऐकत नाही, फक्त मोजतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणतो, सामने खुशाल करा.

जलशाकडे वळू, कारण आपली मोजपट्टी खऱ्या अर्थाने तिथे तयार झाली. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्यातून पुढे सत्यशोधक जलसे निघाले; आंबेडकरी जलशाने तीच वाट धरून तिला नवे वळण दिले. गण-गौळण-बतावणी-वग हा तमाशाचा साचा लोकांच्या अंगवळणी होता. त्यातला देव, त्यातली राधा-कृष्णाची छेड आणि अचकट-विचकट विनोद काढून तिथे माणसाचे प्रश्न आणले. मेलेल्या जनावराचे मांस का सोडायचे, पोराला शाळेत का घालायचे, सावकाराचा अंगठा कसा फसवतो, दारूने घर कसे बसते, काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह कशासाठी, १९३५ ला येवल्यात बाबासाहेब काय बोलले. भीमराव कर्डक हे या जलशातले मोठे नाव. त्यांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या तोलाचा, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार आंबेडकरी शाहीर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. हीसुद्धा तुलनाच आहे. पण कशाची कशाशी? बाबासाहेबांनी कर्डकांना दुसऱ्या गवयाशेजारी उभे केलेले नाही. जलसा आणि सभा ही दोन कामे शेजारी ठेवली आणि कोणते काम जास्त आत जाते ते पाहिले. गाणे कुणापेक्षा वरचे, याला त्या मोजणीत जागा नाही. गाणे कुठे पोहोचले, एवढेच.

(बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. घटना, विद्यापीठे, चळवळ एवढा डोंगर डोक्यावर असताना हा माणूस शिक्षकासमोर बसून गज ओढायला शिकत होता. कुठली मैफल गाठायची होती म्हणून नव्हे. गाणे येत नाही म्हणून खंतावणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगतो. ती ते भाषणापेक्षा लवकर समजतात.)

'तुमची चाल उसनी असते' हा आपल्या गायकांवर नेहमी येणारा शेरा. वामनदादांवरही तो आला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ सालचा जन्म, शाळा नाही, मुंबईत कष्टाची कामे करताना जाणत्या वयात अक्षरे गिरवली, पहिली रचना केली तीच एका हिंदी सिनेगीताच्या विडंबनाची. पुढे १९७३ साली 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह निघाला, आणि १५ मे २००४ रोजी ते गेले तोवर त्यांची गाणी गावागावांतल्या बायकांच्या तोंडी बसली होती. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या चाली लोकांना आधीपासून माहीत असलेल्या होत्या. तो मुद्दाच होता. ज्याला वाचता येत नाही त्याच्या तोंडी नवा विचार उतरवायचा तर चाल ओळखीची हवी. आता दुसरीकडे पाहा. १८८० च्या 'शाकुंतल'पासून मराठी संगीत नाटकाने कीर्तनाच्या, लावणीच्या, कानडी गाण्यांच्या चाली घेतल्या. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेतल्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींचा बाज दिला. ते सगळे उत्तम आहे; मी स्वतः ती पदे आवडीने ऐकतो. पण तिथल्या उसनवारीला 'स्वरयोजना' म्हणतात आणि आमच्या उसनवारीला 'नक्कल'. एकाच कृतीची दोन नावे कशी झाली, हे ज्याला कळले त्याची मान त्या शेऱ्याने खाली जाणार नाही.

वामनदादांच्या गाण्याच्या अखेरीस बहुधा 'वामन' येतो. जुन्या शाहिरांचीही ही रीत. पठ्ठे बापूरावांची नाममुद्रा तर महाराष्ट्राला पाठ आहे. पण ज्या पवळेच्या अदाकारीवर तो फड उभा राहिला, त्या महार बाईचे नाव इतिहासाच्या तळटिपेत गेले. रेठऱ्याचा श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी तमाशात उतरला याचे कौतुक झाले, आणि झाले ते योग्यच. तमाशातच जन्मलेल्यांनी काय केले याची नोंद कुणी ठेवली नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, 'सम्राज्ञी' ही पदवी मिळाली, आणि २००२ साली त्या गेल्या त्या ओढगस्तीतच. पदवी देणारे हिशेब ठेवत नाहीत, हा आमचा जुना अनुभव.

म्हणून मला भीमराव कर्डकांच्या एका कामाचे विशेष मोल वाटते. १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे त्यांचे पुस्तक निघाले. दुसऱ्या कुणी आपल्याला मोजावे याची वाट न पाहता जलसाकारानेच जलशाचा इतिहास लिहून ठेवला. पुढे कृष्णा किरवले यांनी आंबेडकरी शाहिरीवर शोधग्रंथ लिहिला. हे काम अजून तालुक्या-तालुक्यात व्हायचे आहे. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलमुळे घराघरांत पोहोचल्या, तेव्हा पुष्कळांना ते अचानक उगवलेले नवल वाटले. एकतारी घेऊन दारोदार गाणाऱ्या बायका-पुरुषांची ओळ ज्याला माहीत आहे त्याला तसे वाटणार नाही.

एस.टी.त गप्प बसलेल्या त्या विद्यार्थ्याने गाणे सोडले नाही. मी त्याला धीर दिला म्हणून नव्हे; मी त्याला काम दिले. आमच्या तालुक्यातल्या जुन्या गायन पार्ट्यांच्या वह्या गोळा करायच्या. आतापर्यंत चार हाती आल्या आहेत. एक माझ्या चुलत्यांची. पाने पिवळी, काही वाळवीने खाल्लेली, अक्षर दुसरी-तिसरी शिकलेल्या माणसाचे. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून पुढे सिनेमाच्या गाण्याचे नाव. कुठे कार्यक्रम झाला त्या गावाचे नाव. कुठे पार्टीला काय मिळाले त्याचा आकडा, बऱ्याचदा 'जेवण' एवढेच. एका पानावर गाणे खोडून समासात लिहिले आहे की बायांना समजले नाही, सोपे करणे. विद्यार्थ्याने ते पान मला तीनदा दाखवले. त्याच्या आज्याकडून हलगीचे बोल तो मोबाईलवर ध्वनिमुद्रित करतो आहे. म्हातारा आधी तयारच नव्हता, 'ह्यात काय लिवून घ्यायचंय' म्हणायचा, आता स्वतःच हाक मारतो. पेटीवाल्यांची, गाणाऱ्यांची, झीलकऱ्यांची नावे वह्यांत मिळतात. ढोलकी आणि हलगी वाजवणाऱ्यांची नावे मात्र चारही वह्यांत कुठेच नाहीत. त्यासाठी आम्ही दर रविवारी गावे फिरतो आहोत.